भिंत चाटणारी गाय

आमच्या रावेतच्या सोसायटीत गोग्रासाची बादली आली ती माझ्या तोंडामुळे. सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तळमळून बोलत होत्या, की गावी असताना पहिली पोळी गाईला जायची, इथे ती ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाते. अशा वेळी शहाणा माणूस मान हलवतो आणि गप्प बसतो. मी म्हणालो, "माझ्या भावाकडे निघोज्यात गाय आहे."

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी निळी बादली होती. अकरा वर्षं मी त्या इमारतीत 'वाकडी गाडी लावणारे' म्हणून ओळखला जात होतो. आता अनोळखी माणसं लिफ्टमध्ये विचारू लागली, "गोग्रासवाले ते तुम्हीच ना?" मी विनयाने हसायचो. पुण्य सगळ्यांचं, वाहतूक माझी.

आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी असते. दर गुरुवारी बादली डिकीत ठेवायची, तळवड्यावरून निघोज्याला जायचं, दुपारचं जेवण तिकडे, संध्याकाळी रिकामी बादली घेऊन परत. महिन्याभरात एका बादलीच्या तीन झाल्या. नाव पहिल्या पोळीचं असलं तरी बादलीत तुपागुळाच्या पोळ्यांबरोबर शिळा पुलाव, इडल्या, वाढदिवसाचा अर्धा केक, कोणाच्या तरी साखरपुड्यातले मोतीचुराचे लाडू असं सगळं यायचं. मी फक्त मेणबत्त्या आणि प्लॅस्टिकचे चमचे वेचून काढायचो. उरलेल्या पोळ्या वहिनी पत्र्यावर वाळवून डब्यात भरून ठेवायची आणि आठवडाभर रोज घालायची. शिवाय सोसायटीतले दोघंतिघं रविवारी पोरांना गाय दाखवायला म्हणून आपापल्या गाड्या घेऊन जाऊ लागले. ते काय रिकाम्या हाताने जाणार थोडेच.

गाय तेव्हा गाभण होती, शेवटचे दोन महिने. धार बंद केलेली, काम काही नाही, नुसतं उभं राहायचं आणि खायचं. काळीपांढरी, मोठ्या हाडाची संकरित गाय. तिची आई ती चार दिवसांची असताना गेली, तेव्हा वहिनीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. गोठ्यात एके काळी सात जनावरं होती. आता ही एकटीच उरली होती. तिला नाव नव्हतं, वहिनी तिला नुसतं 'बाई' म्हणायची.

तर ही बाई आमच्या पोळ्यांवर अशी तुकतुकीत झाली की पाठीचा कणा दिसेना. शेपटीच्या दोन्ही बाजूंना चरबीच्या उश्या आल्या. दादा म्हणाला, "गाय न्हवं, ट्रान्सफॉर्मर झालाय." वहिनीला राग आला. "दोन जिवांची हाय ती. दृष्ट लावू नका." मी आपला फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

व्यायली, कालवड झाली. खरवस मी डबे भरभरून सोसायटीत वाटला. त्या आठवड्यात माझी गाडी वाकडी लागली तरी कोणी बोललं नाही.

साधारण त्याच दिवसांत मी स्वतःच्या पोटाचं मनावर घेतलं होतं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर काठावर आली होती, आणि खात्यातल्या एका उत्साही सहकाऱ्याने मला एक आहार पाठवला. भात बंद, पोळी बंद, गूळसाखर बंद. अंडी, पनीर, तूप वाटेल तेवढं. पहिले चार दिवस जीव गेला. पाचव्या दिवशी भूकच लागेनाशी झाली. डबा तसाच परत यायला लागला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. बायकोला वाटत नव्हता, पण तिला माझ्या कुठल्याच उपक्रमाचा वाटत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

वासरू तीन आठवड्यांचं झालं असेल. त्या गुरुवारी दुपारी मी तीन बादल्या घेऊन पोहोचलो. दादाच्या अंगणात शिरल्याबरोबर जाणवलं की काहीतरी चुकलंय. काय ते मात्र कळेना. ऊन नेहमीसारखं, पत्रा नेहमीसारखा तापलेला. मग लक्षात आलं. माझ्या गाडीचा आवाज ऐकला की गाय हंबरायची, बादलीसाठी. आज हंबरली नव्हती.

गोठ्यात गेलो आणि आधी वास आला. शेणाचा नव्हे. गोड. पेटीत विसरलेलं सफरचंद असतं तसा, आणि त्या गोडाच्या खाली काहीतरी पातळ, नाकात चढणारं, दवाखान्यातलं. गोठ्यात फळ नव्हतं. औषधही नव्हतं.

गाय गव्हाणीकडे पाठ करून उभी होती. तोंड मागच्या भिंतीला. ती भिंत म्हणजे पलीकडच्या कंपनीच्या आवाराचीच भिंत, दादाने तिला टेकून गोठा बांधलेला. कंपनीला सुट्टी, त्यामुळे पलीकडे शांतता. त्या शांततेत एकच आवाज चालू होता. खरखरीत जीभ विटेवरून फिरल्याचा. एक लांब ओढ. मग थांबा. मग दुसरी लांब ओढ. तीच वीट, तीच जागा. तिथे वीट ओली, लालभडक झाली होती, आणि मधोमध जरा खोल गेल्यासारखी वाटत होती.

वहिनी दुधाची बरणी उपडी घालून तिच्यावर बसली होती. किती वेळ बसली होती कोण जाणे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार दिस झालं, भावजी. आदी पेंड सोडली, मग हिरवं सोडलं. आता ह्ये."

"काय चाटतेय?"

"भिंत."

"भिंतीत काय आहे?"

"त्येच इचारतीय मी तिला सकाळपासून."

मी बादली वाजवली. गाईने जीभ आत घेतली आणि मान वळवून बघितलं. माझ्याकडे नाही. माझ्या डावीकडे हातभर अंतरावर. तिथे कोणीतरी उभं असल्यासारखं, ओळखीचं, जरा उशिरा आलेलं कोणीतरी. मी डावीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मी डावीकडे सरकलो, म्हटलं नजर तरी जुळेल. तर तिने आता मी आधी जिथे उभा होतो तिथे बघायला सुरुवात केली. क्वालिटी खात्यात वीस वर्षं काढलेला माणूस मी, मोजपट्टीवर विश्वास ठेवणारा. पण दुसऱ्यांदा सरकायचं धाडस मला झालं नाही.

मी सगळ्यात वरची, तूप लावलेली पोळी तिच्या तोंडापुढे धरली. तिने श्वास सोडला. तो वास तिच्या श्वासाचा होता. पोळीला तोंडही न लावता ती परत भिंतीकडे वळली.

बाहेर दादा लिंबू-मिरची बांधलेल्या चौकटीखाली उभा होता. आत येत नव्हता. "तोंडात हात घालू नको तिच्या," म्हणाला. "पिसाळली असंल."

"कुत्रं चावलंय का?"

"बघितलंय कुनी? काल गोल फिरत व्हती दाव्याभोवती. परवा कालवडीच्या अंगावर धावली. पोटच्या. समोरची म्हातारी म्हनती बाहेरचं हाय. बाहेरचं असो न्हाईतर आतलं, नातवंडं खेळत्यात अंगनात. रविवारी टेम्पो बोलावलाय. पांजरपोळात सोडनार."

"डॉक्टर?"

"आला व्हता एक जन, परवा. पोटाची पावडर दिली अन् गेला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गाईचं जाऊ दे. हीपन जेवत न्हाई. ती खाईपर्यंत मी न्हाई, म्हनती. तू सांग काय तर. साहेब हायेस ना तू."

मी आत बघितलं. बरणीवर वहिनी, भिंतीला गाय. दोघींचीही पाठ माझ्याकडे. वहिनीची शेवटची गाय रविवारपर्यंत खायला लागली नाही, तर ती टेम्पोत चढणार होती, आणि त्यानंतर वहिनी जेवायला बसली असती का, हे मला सांगता आलं नसतं. मी साहेबासारखं म्हणालो, "बघतो काहीतरी." साहेब लोक नेमकं हेच म्हणतात.

तीनही बादल्या भरलेल्या परत निघाल्या. तळवड्याचा पूल ओलांडला तेव्हा गाडीत तो वास होता. मी काचा खाली केल्या. चिखलीपर्यंत काचा उघड्या होत्या, तरी वास होता. गाडी बाजूला घेऊन डिकी उघडली, बादल्या हुंगल्या. पोळ्यांचा वास येत होता, फक्त पोळ्यांचा. परत गाडीत बसून दार लावलं, आणि तो आलाच. शेजारच्या सीटवर बसून असल्यासारखा.

घरी येऊन कपडे मशीनमध्ये टाकले, अंघोळ केली, आणि बायकोला म्हणालो, "गोठ्यातला एक वास अंगाला चिकटलाय, बघ गं, अजून येतोय का."

ती जवळ आली, हुंगलं. "हा? हा गोठ्यातला कुठला, अहो. हा तुमच्या तोंडाचा. नेलपेंट काढायच्या बाटलीसारखा. तीन आठवडे झाले, मी रोज सांगतेय, उशी तिकडे नेली ती काय हौस म्हणून?"

मी खुर्चीत बसलो. रस्ताभर मला वाटत होतं की गोठ्यातून काहीतरी माझ्या मागे आलंय. ते मागे आलं नव्हतं. ते गाईच्या आधी माझ्या घरात होतं. गेले तीन गुरुवार मीच ते निघोज्याला नेत होतो, बादल्यांबरोबर. बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. तिने उशी हॉलमध्ये नेली असती.

शुक्रवारी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरी आजारपण' लिहिलं. 'गाय' लिहिलं असतं तर कंपनीत निवृत्तीपर्यंत पुरलं असतं. चाकणहून एक तरुण डॉक्टरीणबाई मिळाल्या, स्कूटीवर आल्या, गमबूट डिकीत. त्यांच्या आधी मी पोहोचलो होतो, आणि गोठ्याच्या दारातच थबकलो होतो.

आज पलीकडची कंपनी चालू होती. पत्रा दाबून त्याचे भाग काढणारा मोठा प्रेस भिंतीपलीकडे होता. धप्प. मग थांबा. धप्प. पायाखालची फरशी थरथरायची. आणि गाईची जीभ प्रत्येक धप्पला विटेवरून वर जात होती. एकही चुकत नव्हती. मला वाटलं, आवाजामुळे असेल. मग आठवलं की काल आवाज नव्हता. काल पलीकडे सगळं बंद होतं, आणि चाल हीच होती, इतकाच थांबा, इतकीच ओढ. काल तिला कोण ठोका देत होतं?

"रोज ऐकती की ती जल्मापासून," वहिनी म्हणाली. माझा चेहरा बघून म्हणाली असावी. तिचा चेहरा एका रात्रीत आत गेला होता, गालाची हाडं वर आली होती.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले, दुरूनच बघत कुत्र्याबद्दल, लाळेबद्दल, पाणी पिण्याबद्दल खोदून विचारलं. मग गाईजवळ जाऊन श्वास घेतला आणि त्यांचे खांदे सैल झाले. "थांबा जरा," म्हणाल्या. लघवीचे चार थेंब एका कागदी पट्टीच्या टोकावर घेतले. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पट्टीचं टोक गुलाबी झालं, मग बघता बघता जांभळं, पिकल्या जांभळासारखं गडद.

"पिसाळलेली नाही. बाहेरचंही काही नाही," त्या म्हणाल्या. "उपाशी आहे."

"उपाशी?" दादा दारातूनच म्हणाला. "ही? बघा की तिच्याकडं."

"तेच तर. गाय व्यायली की दूध एकदम वाढतं, भूक मात्र हळूहळू वाढते. मधली तूट अंगातली चरबी जाळून भरून काढायची असते. थोडी जळली तर चालतं. हिच्या अंगावर इतकी, की सगळी एकदम यकृतावर आलीय, त्याला पेलत नाही. अर्धवट जळते. त्याचा हा गोड वास. तेच रक्तातून डोक्यात गेलं की भिंत चाटतात, गोल फिरतात, नसलेल्या गोष्टींकडे बघतात."

"मग खात का न्हाई?" वहिनीने विचारलं. "भूक तर लागल ना?"

डॉक्टरीणबाई वहिनीकडे वळल्या. "भूक पोटात लागत नाही, मावशी. पोट निरोप पाठवतं डोक्याकडे, खायला हवं म्हणून. चरबीसुद्धा निरोप पाठवते, तिचा निराळा. कोठार भरलंय, पुरे आता. घ्रेलिन, लेप्टिन अशी नावं आहेत त्यांची. शिवाय यकृतही थकलं की नको नको म्हणतं. कोण नेमकं काय सांगतं ते अजून आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही. पण हिच्या डोक्यात सगळीकडून एकच आवाज येतोय की तू भरलेली आहेस. ती आतून संपत चाललीय आणि तिला ते माहीत नाही."

धप्प, पलीकडून आलं. जीभ विटेवरून वर गेली.

त्यांनी गळ्याच्या शिरेला सलाईन लावायला घेतलं तेव्हा मी बाटली धरून उभा होतो. आमच्याकडे एक रीत आहे. माल बिघडला की मशीनला शिव्या द्यायच्या नाहीत, 'का' विचारायचं. उत्तर आलं की त्याला परत 'का'. पाच वेळा. पाचव्याला खरं कारण सापडतं. मी लोकांना हे शिकवतो, त्याचा तासभराचा वर्ग घेतो. हात गुंतलेला आणि तोंड मोकळं, म्हणून मी सुरू केलं. खात का नाही? यकृत थकलंय. का थकलं? चरबी एकदम आली. एकदम का? अंगावर फार होती.

"इतकी चरबी का आली?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"धार बंद असताना काय खायची?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. दादानेही. मग त्याने कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उघडून पुढे केला. वाळलेल्या पोळ्या, काठोकाठ.

"रोज?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज," वहिनी म्हणाली. "अन् गुरुवारी ताजं. भात, लाडू. भावजी आनत्यात."

"का?"

हा पाचवा होता. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणालो, "गोग्रास. आमच्या सोसायटीचा." वीस वर्षं मी लोकांची कारणं शोधून फळ्यावर लिहिली. कारण स्वतः बाटली धरून उभं आहे, असं पहिल्यांदाच घडत होतं. दादा एवढंच म्हणाला, "साहेबांनी बघितलं काहीतरी." मी ते ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं.

डॉक्टरीणबाई वाकून सुई नीट करत होत्या. माझ्या तोंडापासून त्यांचं नाक वीतभर. त्यांनी हळूच मान वर केली, गाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही डाएटवर आहात का?"

"हो. का?"

"काही नाही," म्हणाल्या, आणि डबीतली एक पट्टी काढून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. "माणसांना ते बहुतेक सोसतं. पण साखरेचं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. या घरात जेवतं तरी कोण?" वहिनीकडे वळून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही कधी जेवलात?"

वहिनीने पदराने गाईचं तोंड पुसलं.

दादाच्या न्हाणीत मी ती पट्टी वापरली. भर दुपार होती, खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, काही चुकायला जागा नव्हती. गुलाबी. मग जांभळी. पलीकडून धप्प येत होतं आणि इथेही फरशी थरथरत होती. मला दोन आठवड्यांत एकदाही भूक लागली नव्हती, आणि मी त्याला निग्रह म्हणत होतो. मी पट्टी पाण्यात सोडून दिली. कोणाला दाखवणार? मग आरशात बघायचं टाळून बाहेर आलो.

डॉक्टरीणबाई रोज सकाळी सलाईन लावायला येणार होत्या. दाट गोड औषधाची बाटली दिवसातून दोनदा तोंडातून पाजायची. समोर सुका कडबा आणि हिरवं, दुसरं काही नाही. "टेम्पोला जरा थांबवा," जाताना त्या दादाला म्हणाल्या. दादा म्हणाला, "रविवारपातूर हाय की येळ." तो वाईट माणूस नाही. तो घाबरला होता. आत पाऊल न टाकता त्याने सगळं चौकटीतून बघितलं होतं.

शनिवारी मी कामावर गेलो. जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. वहिनी म्हणाली, "चाटनं कमी हाय. कालवडीला हुंगलं तिनं. खाल्लं न्हाई." मी म्हणालो, "तुम्ही?" ती म्हणाली, "पलीकडचा आवाज लई मोठा हाय आज, ऐकू येत न्हाई," आणि फोन ठेवला.

रविवारी परत रजा. आमच्या पट्ट्यात गुरुवार सुट्टीचा म्हणून रविवारी बहुतेक कंपन्या चालू. दहाला पाच कमी असताना पोहोचलो. टेम्पो अंगणात उभा होता, फळी खाली सोडलेली, आत पेंढा पसरलेला. टेम्पोवाला जास्वंदीखाली चहा घेत होता. डॉक्टरीणबाई सकाळीच येऊन गेल्या होत्या.

गाय चाटत नव्हती. तिने कपाळ विटेला टेकलं होतं, त्या ओल्या जागेवरच, आणि स्तब्ध उभी होती. प्रेस चालू होता. प्रत्येक ठोक्याला तिच्या गळ्याखालची लोंबती कातडी हलायची, बाकी काही नाही. गव्हाणीत कडबा तसाच.

दादा पहिल्यांदा गोठ्यात आला. "सोड आता," वहिनीला म्हणाला, हळूच. "मी नेत न्हाई तिला मारायला. पांजरपोळात डाक्टर असत्यात."

वहिनी उठली. मला वाटलं, आता ती भांडेल. तिने भांडण केलं नाही. दाव्याची गाठ स्वतः सोडली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. "चल बाई," म्हणाली. "कपाळ दुखंल."

गाय हलली नाही. वहिनीने ओढलं नाही. नुसती दावं धरून उभी राहिली, आणि तिचा दुसरा हात आपोआप गव्हाणीतल्या कडब्यावर गेला, नुसता टेकायला. ज्वारीचं एक सुकं ताट तिच्या मुठीत मोडलं. कट्.

तेवढ्यात पलीकडे भोंगा झाला. दहाची चहाची सुट्टी. प्रेस थांबला.

थरथर गेली. आवाज थांबल्यावर कळतं की तो किती होता. टेम्पोवाल्याने बशी खाली ठेवल्याचं ऐकू आलं. आणि गाईने कपाळ भिंतीपासून काढलं, कोणीतरी तिथून हात काढून घ्यावा तसं. मान वळवली. तिने वहिनीकडे बघितलं. वहिनीच्या बाजूला नाही, वहिनीकडेच. मग दोन पावलं टाकून गव्हाणीत तोंड घातलं, एक ताट ओढलं, आणि ते धरून उभी राहिली, हे काय आहे ते आठवत असल्यासारखी.

मग चावलं. ज्वारीच्या ताटाचा तो कोरडा, कडकड मोडल्याचा आवाज. परत. तिसऱ्यांदा. भोंग्याने परत प्रेस चालू होईपर्यंत तिने अर्धी पेंढी संपवली होती, आणि तो चालू झाल्यावरही ती थांबली नाही.

हे औषधाने झालं. तीन दिवसांच्या सलाईनने आणि त्या गोड बाटल्यांनी झालं, मला मान्य आहे. कोणी विचारलं तर मी तेच सांगतो.

टेम्पोवाला चौकटीत येऊन म्हणाला, "खाती की ही." दादा मागे गेला आणि स्वतःच्या खांद्यावरून कडब्याची आख्खी पेंढी आणून गव्हाणीत टाकली. मग टेम्पोवाल्याला म्हणाला, "राव, अजून एक चहा घेनार का?" टेम्पो रिकामा गेला.

वहिनीने हात धुतले. "भावजी, भाकरी हाय सकाळची. पिठलं करते."

आम्ही गोठ्याच्या दारात बसून जेवलो. वहिनी, दादा आणि मी. मी बाजरीची भाकरी मोडली. तीन आठवड्यांनी. पहिला घास चवीचा लागला नाही, भूक नव्हतीच. दुसराही नाही. तिसऱ्या घासाला पोटात काहीतरी उठून उभं राहिलं, घरात कोणीच नाही असं वाटत असताना आतल्या खोलीतून कोणी खोकावं तसं. मी दचकलो. मग खात सुटलो. वहिनी चौथी भाकरी वाढताना म्हणाली, "काय ओ, सोसायटीत जेवाय देत न्हाईत का?" तिच्या स्वतःच्या ताटात दुसरी होती.

सोसायटीच्या सभेत मला सगळं सांगावं लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे आपण तिला मारत होतो?"

"नाही काकू. फार खाऊ घालत होतो."

"मग गोग्रास म्हणायचं कशाला?"

त्यांनीच ठरवलं. पहिली पोळी घरातच खायची, आणि महिन्याला सगळ्यांनी मिळून एक गाडी हिरवा चारा. निळी बादली आता लिफ्टशेजारी नसते. लोक मला परत वाकड्या गाडीवरून ओळखतात.

गुरुवारी मी अजून जातो, रिकाम्या हाताने. कालवड आता दाव्याला बांधण्याइतकी झाली आहे. गाय गव्हाणीकडे तोंड करून असते. तिच्यामागच्या विटेत एक गुळगुळीत खळगा राहिला आहे, माझा अंगठा त्यात बरोबर बसतो. पलीकडे सुट्टी असते, सगळं शांत. मी तिथे पाठ टेकून उभा राहतो आणि तिचं रवंथ ऐकतो. चघळणं, थांबा, चघळणं. वहिनी विचारते, काय मोजताय, भावजी? मी म्हणतो, काही नाही. मोजत असतो मात्र; भिंत चाटताना तिचा एकही ठोका चुकत नसे. मधेच ती एखादा थांबा लांबवते, मान झटकते, माशी हाकलते, आणि ठोका चुकतो. चुकला की मी चहाला जातो.

आजवर तरी चुकलाय.